तेल चोळणारा हात

इतिहासाच्या पुस्तकातलं धनुष्य कायम ताणलेलं असतं. राजा, सेनापती नाहीतर देव ते ताणून उभा असतो आणि चित्रकारही नेमका तोच क्षण पकडतो. पण लाकडाचं धनुष्य उभ्या आयुष्यात फार थोडा वेळ ताणलेलं असतं. त्याआधी कुणीतरी झाड तोडलं, ओंडका फोडला, वाळवला, तासला, घासला, त्याला तेल पाजलं, मेण चोळलं. लढाई संपल्यावरही कुणीतरी ते पुसलं, परत एक हात फिरवला आणि जागेवर ठेवलं. त्या कुणाचं नाव पुस्तकात नाही. शाळेत आपण लढायांच्या सनावळ्या पाठ केल्या. तेल कुणी चोळलं हा प्रश्न पेपरात कधी आला नाही.

दोस्तहो, हा लेख त्या प्रश्नावर आहे. प्रश्न बारीक वाटेल. पण ज्यांच्या बापजाद्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या वस्तू घडवण्यात, पुसण्यात, उचलण्यात गेलं, त्यांनी इतिहास हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. हे केलं कुणी?

आधी तेलाचं काम समजून घेऊ. झाड तोडलं की लाकूड मेलं असं आपण धरून चालतो. पण तोडलेलं लाकूडही हवेतलं पाणी पीत राहतं आणि सोडत राहतं. पावसाळ्यात खोलीचं दार फुगतं, उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडते, ते यामुळेच. धनुष्याचं तर सगळं भांडवल लाकडाच्या ताकदीत. ओल धरली की ते मऊ पडतं, दोरी काढली तरी वाकलेलंच राहतं, बाण लांब जात नाही. फार कोरडं झालं की एक दिवस कडाडून मोडतं. पाठीवर बारीकसा ओरखडा असला तरी मोड तिथूनच सुरू होते. म्हणून अंग गुळगुळीत पाहिजे आणि ओलीला अटकाव पाहिजे. तेल ओल पूर्ण थांबवत नाही, तिची चाल मंद करतं. म्हणून एकदा लावून भागत नाही. परत परत लावावं लागतं.

साच्यावर काम करणाऱ्याला लाकडाचा हा स्वभाव सांगायला नको. जुन्या साच्यावर धोटा लाकडाचा, आणि धोट्याला या टोकाकडून त्या टोकाला फेकणारी काठीही लाकडाची. पाळीभर हजारो फटके ती काठी मारते आणि खाते. ती धनुष्याचीच बहीण म्हणायची. अशा काठीसाठी अमेरिकेतलं हिकरीचं लाकूड नावाजलेलं, आणि त्याच हिकरीची धनुष्यंही तिकडे होतात. फटका खाऊन न तुटणारं लाकूड कुठलं, हे कारखानदाराला कळण्याआधी जंगलातल्या माणसाला कळलेलं होतं.

तेलही कुठलंही चालत नाही. खोबरेल लाकडावर चोळलं तर ते तसंच ओलं राहतं, धूळ धरतं. लागतं वाळणारं तेल. आपल्याकडची अळशी, म्हणजे जवस. युरोपात अक्रोडाचंही चालतं, चीनमध्ये तुंग नावाच्या झाडाच्या बियांचं. ही तेलं वाळतात म्हणजे पाण्यासारखी उडून जात नाहीत. हवेतला प्राणवायू घेऊन ती जागच्या जागी घट्ट होतात, लाकडाच्या वरच्या थरात कातडीसारखी बसतात. कच्च्या अळशीच्या तेलाला वाळायला कित्येक दिवस लागतात. म्हणून पूर्वी ते शिशाचे क्षार घालून उकळत. आज दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं, त्यात सहसा दुसऱ्या धातूंचे क्षार असतात. शिसं हे अंगात भिनणारं विष. चकाकीच्या हिशेबात उकळणाऱ्याच्या अंगातलं विषही धरलं पाहिजे.

पद्धत साधी आणि वेळखाऊ. लाकूड खरवडून, पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायचं. मग ओल्या फडक्यानं पुसायचं. त्यानं बारीक तंतू उभे राहतात. वाळले की ते परत घासून काढायचे. मग चार थेंब तेल तळहातावर घ्यायचं आणि चोळायचं. अंगठा आणि अंगठ्याखालचा मांसल भाग, सगळी मेहनत त्यांची. चोळता चोळता हात तापतो, लाकूड तापतं, तेल पातळ होऊन आत शिरतं. पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेलं तेल कोरड्या फडक्यानं पार पुसून काढायचं. हे पुसणं राहिलं तर वर चिकट साय धरते. मग एक दिवस, कधी जास्त, वाट बघायची. परत चार थेंब. असे पाच, सात, दहा हात. घाईला इथं जागा नाही.

आणि कापसात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. मशीनच्या खनिज तेलापेक्षा अळशीचं तेल आगीच्या बाबतीत जास्त दगाबाज. त्यात भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर त्या काडी न लावता पेटू शकतात. तेल वाळताना ऊब सुटते, बोळ्यात ती कोंडते, वाढते आणि भडका उडतो. म्हणून चिंधी पसरून वाळवायची, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायची. कुणाचंतरी हत्यार पुसून कोपऱ्यात फेकलेली चिंधी अख्खं घर जाळू शकते, हे ज्यांना समजायचं त्यांना समजेल.

आता इतिहासाकडे वळू. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सरहद्दीवर, आल्प्सच्या बर्फात एका माणसाचं प्रेत सापडलं. माणूस सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. आज त्याला ओट्झी म्हणतात. त्याच्याजवळ यू नावाच्या सदाहरित झाडाचं धनुष्य होतं, त्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा लांब, जवळपास सहा फुटी. ते अर्धवट होतं. दोरी अडकवायच्या खाचा नव्हत्या, अंगावर कुऱ्हाडीचे घाव तसेच होते. घासणं-चोळणं व्हायचं राहिलं होतं. अर्धवट राहिलं म्हणून तर आज त्या लाकडावर हात कसा चालला ते दिसतं. काम पुरं झालं असतं तर त्या खुणा त्यानंच घासून काढल्या असत्या. हाताच्या कामाची ही गोम आहे. काम जितकं चोख, तितका करणारा दिसेनासा होतो. बघणारा म्हणतो, वा, काय लाकूड आहे!

तिथून एकदम १५४५ सालच्या इंग्लंडात जाऊ. तिथं यूचं लांब धनुष्य म्हणजे राजसत्तेचं हत्यार. १३४६ साली क्रेसीला आणि १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टला फ्रेंचांवर मिळवलेल्या विजयांचं श्रेय त्यालाच देतात. १५४५ साली या धनुष्याच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट पुस्तकाची. केंब्रिजचा पंडित रॉजर अ‍ॅस्कम यानं ‘टॉक्सोफिलस’ हे धनुर्विद्येवरचं पुस्तक छापलं. पंडितांची लॅटिन बाजूला ठेवून लोकांच्या इंग्रजीत लिहिलं, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. पुस्तक आठव्या हेन्री राजाला अर्पण केलं आणि राजानं त्याला वर्षाला दहा पौंडांचं पेन्शन लावून दिलं. त्यात तो धनुष्याची निगा सांगतो. मेण लावलेल्या जाड्याभरड्या किंवा लोकरी फडक्यानं धनुष्य रोज चोळावं, चकाकेपर्यंत चोळावं, म्हणजे त्यावर टणक निसरडं कवच चढतं आणि ओल आत शिरत नाही. तेलाच्या जागी मेण, पण काम तेच आणि चोळणारा हात तोच. सल्ला पक्का आहे. पण हे ज्ञान केंब्रिजच्या वर्गात जन्मलेलं नाही. ते फडकं धरणाऱ्या हातांचं. लिहिता येणाऱ्यानं लिहिलं आणि ते त्याच्या नावावर लागलं.

दुसरी गोष्ट बुडालेल्या जहाजाची. त्याच वर्षी १९ जुलैला पोर्ट्समथजवळ फ्रेंचांशी लढताना हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज बुडालं. राजा किनाऱ्यावरून बघत होता. शेकडो माणसं गेली. चारशेसदतीस वर्षांनी, १९८२ साली, जहाजाचा सांगाडा समुद्रातून वर काढला. त्या अवशेषांतून १७२ धनुष्यं आणि हजारो बाण मिळाले. चिखलात गाडलेली ती यूची धनुष्यं टिकली. त्यांतल्या बऱ्याच धनुष्यांवर बारीक खुणा टोचलेल्या आहेत. त्या घडवणाऱ्यांच्या खुणा असं अभ्यासक मानतात. नाव नाही. टिंबं आणि रेघा.

एकच राजा, एकच साल, एकच हत्यार. त्यावर लिहिणाऱ्याला नाव आणि पेन्शन. ते घडवणाऱ्याला एक टिंब.

आणि जे धनुष्यं ओढत होते त्यांची नोंद त्यांच्या हाडांत सापडली. जहाजातल्या सांगाड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा काहींच्या खांद्याच्या हाडाचं टोक वयात आल्यावर जुळायला हवं ते जुळलेलंच नव्हतं. पोरवयापासून जड धनुष्य ओढल्याची ती खूण असावी असं अभ्यासकांनी म्हटलं. गिरणीत तीस वर्षं काढलेल्या म्हाताऱ्याचे कान, फुप्फुस आणि गुडघे बघा. कष्टाचा इतिहास कागदावर नसला तर तो अंगावर असतो.

इंग्लंडातल्या या कारागिरांची संघटना होती, हे खरं. लंडनमध्ये १३७१ साली धनुष्य करणारे आणि बाण करणारे यांचे धंदे वेगळे ठरले. पण भाव ठरवणारा दुसराच. १४८२ च्या कायद्यानं यूच्या धनुष्याची किंमत जास्तीत जास्त तीन शिलिंग चार पेन्स अशी बांधून टाकली. लाकूडही देशात पुरेना. म्हणून १४७२ चा कायदा सांगत होता की माल घेऊन येणाऱ्या जहाजांनी दर टन मालामागं धनुष्याच्या चार दांड्या आणल्याच पाहिजेत. ते लाकूड आल्प्सच्या डोंगरांतून येऊ लागलं आणि तिकडची यूची जंगलं उजाड होत गेली. राजाला लढाई हवी, तर डोंगरातलं झाडही त्याच्या हुकमात.

पुढं बंदुका आल्या. १५९५ साली इंग्लंडच्या राजमंडळानं फौजेतली धनुष्यं काढून बंदुका द्यायचा हुकूम केला. मग धनुष्य उमरावांचं खेळणं झालं. १७८१ साली सर अ‍ॅश्टन लिव्हर यानं लंडनमध्ये धनुर्धरांची बडी सोसायटी काढली. जे गरिबावर कायद्यानं लादलं होतं, ते श्रीमंताचा शौक झालं.

या सगळ्यात आपण कुठं? आपण तेलात आहोत. एकोणिसाव्या शतकात नागपूर, वऱ्हाड, खानदेशातली जवस मुंबई बंदरातून विलायतेला जायची. तिकडच्या कारखान्यांत तिचं तेल निघायचं आणि रंगात, व्हार्निशात, लाकडाच्या पॉलिशात जायचं. विलायती फर्निचरच्या चकाकीमागं वऱ्हाडातल्या काळ्या मातीत वाकलेली मजुरीण होती आणि गोदीत पोतं पाठीवर घेणारा हमाल होता. चकाकणाऱ्या लाकडात बघणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसतं, तिचं दिसत नाही.

इंग्लंडात धनुष्य खेळणं झालं त्याच काळात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत ते पोट भरायचं साधन होतं. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा तिनं नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं. तिथल्या मूळच्या माणसांकडे, ज्यांना गोरे रेड इंडियन म्हणत, आपलं लक्ष त्या मानानं कमी गेलं. तिकडे बघायला पाहिजे.

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि गोऱ्यांची झुंड लोटली. याही नावाच्या छोट्या जमातीची कत्तल झाली. उरलेले मूठभर लोक डोंगरात लपून राहिले. २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाच्या कसाईखान्यापाशी एक उपाशी माणूस सापडला. त्याच्या जमातीतलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आपलं नाव आपण परक्याला सांगायचं नाही, ही त्यांची रीत. म्हणून मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यानं त्याला इशी नाव दिलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ माणूस. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ म्युझियममध्ये त्याला ठेवलं. नोकरी दिली झाडलोट करणाऱ्याच्या मदतनिसाची, पगार महिना पंचवीस डॉलर. रविवारी लोक बघायला येत. तो त्यांच्यासमोर दगडाची बाणाग्रं करी, धनुष्य करून दाखवी.

शेजारच्या इस्पितळातला सर्जन सॅक्स्टन पोप त्याचा मित्र झाला आणि धनुष्य त्याच्याकडून शिकला. इशी डोंगरी जुनिपरचं लाकूड घ्यायचा, खरवडायचा, वाळूच्या दगडावर घासून अंग सारखं करायचा. पाठीवर हरणाचे स्नायू सरसानं चिकटवायचा. पोपनं टिपून ठेवलंय की इशी धनुष्य कधी उभं ठेवत नसे. उभं ठेवलं की ते काम करत राहतं, त्याला घाम येतो, ते दुबळं होतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून आडवं ठेवायचं, विसावा द्यायचा. लाकडालाही पाळी संपल्यावर सुट्टी पाहिजे, हे जंगलातल्या माणसाला कळत होतं.

२५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयानं गेला. प्रेताची चिरफाड होऊ नये अशी त्याची इच्छा होती. क्रोबरनंही विरोधाचं पत्र पाठवलं, ते उशिरा पोचलं. चिरफाड झाली. मेंदू काढून पुढं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमला पाठवला. १९२३ साली पोपचं धनुष्यानं शिकार करण्यावरचं पुस्तक निघालं आणि तो अमेरिकेतल्या आधुनिक धनुर्विद्येचा एक जनक गणला जाऊ लागला. पोप वाईट माणूस नव्हता, त्यानं इशीबद्दल आपुलकीनं लिहिलं. पण व्यवस्था बघा. शिकवणारा झाडूवाला आणि शिकणारा जनक. इशीचा मेंदू शेवटी २००० साली त्याच्या जवळच्या जमातींच्या ताब्यात आला. चौऱ्याऐंशी वर्षांनी.

एकलव्याची गोष्ट आपण भाषणात सांगतो. ती पुराणातली कथा, इशीची गोष्ट म्युझियमच्या दप्तरातली. तिथं शिष्याचा अंगठा मागितला, इथं गुरूचा मेंदू काढून घेतला. आणि अंगठा गेला म्हणजे नेमबाजी गेली एवढंच आपण म्हणतो. रानातल्या निषादाच्या पोराला धनुष्य कुणी घडवून दिलं असेल? त्यानंच घडवलं असणार. तासायला, घासायला, तेल चोळायला आधी लागतो अंगठा. अंगठा मागणाऱ्यानं नुसती विद्या मागितली नाही, हाताचा धंदाही मागितला. उद्या दुसरं धनुष्य होऊच नये, याची ती तजवीज.

इथं एक धोका आहे, तो उघड बोलू. हाताच्या कामाचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. ते म्हणतात, तुमची परंपरा केवढी थोर, तुम्ही तेच करत राहा. हा सापळा आहे. जातीनं लादलेलं काम आपल्या माणसांनी टाकलं ते बरोबरच केलं. ढोरं ओढणं टाकलं, येसकरकी टाकली, आणि परत त्या वाटेला जायचं नाही. बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. पण काम टाकलं म्हणून त्या कामातलं ज्ञान टाकायचं कारण नाही. ते ज्ञान आपल्या माणसांनी कमावलेलं आहे. आपण लिहिलं नाही तर कुणीतरी पोप येईल, चांगल्या मनानं येईल, आणि ते त्याच्या नावावर लागेल.

आज अमेरिकेत, युरोपात फायबर ग्लासच्या जमान्यातही हौशी लोक लाकडाची धनुष्यं करतात आणि हातानं तेल चोळतात. बाजारात ‘हातानं चोळलेलं’ म्हटलं की वस्तूचा भाव चढतो. मशीननं हात बेकार केले, आणि आता हात लागला म्हणून किंमत वाढते. किंमत हाताची वाढली, हातवाल्याची किती वाढली ते विचारा.

सातपुड्यातल्या भिल्लांचं धनुष्य बांबूचं, त्याची दोरीही बांबूच्याच चिपेची. बांबूची पाठ निसर्गानंच टणक करून दिलेली, तिला फार चोळावं लागत नाही. पण बांबू कुठला निवडायचा, कधी तोडायचा, किती वाळवायचा, हे सगळं शास्त्र आहे. १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव पुस्तकात आहे. बांबू निवडणाऱ्या भिल्लाचं नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना एवढंच सांगणं. सभा घ्या, मोर्चे काढा, पण वस्तीतल्या म्हाताऱ्यांपुढं एक वही घेऊनही बसा. दोर कसा वळायचा, हलगीचं कातडं कसं ताणायचं, साच्याचा आवाज ऐकून बिघाड कसा ओळखायचा, ते विचारा. उत्तराखाली सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहा. टिंब मारून सोडू नका.